पान चार

फैजपुरात दर शुक्रवारी
लीलाधर फिरके 'समीक्षा' काढतात:
पान एक, आमदारकीचा ताळेबंद;
पान चार, केळीचे भाव.
लोक मागूनच उघडतात.

सभापतींचा माणूस आला परवा,
वर्षाची जाहिरात, पिशवीभर भरताची वांगी.
म्हणाला, अण्णा, तेवढा 'घोळ' शब्द काढा.
अण्णांनी काढला. चहा पाजला.

रात्री मी प्रुफं तपासत बसले.
अग्रलेख गुळगुळीत, सोललेल्या केळ्यासारखा.
पान चारवर मात्र
रावेरचा भाव, खाली सावद्याचा,
आणि तिसऱ्या ओळीत
सभापतींच्या वखारीचा:
क्विंटलमागे दीडशे कमी.

ही ओळ चुकून आली का, विचारलं.
चष्मा पुसत राहिले.
"आकडा हाय तो. जाऊ दे."

जाहिरात सोमवारी गेली.
वांग्यांचं भरीत
शनिवारीच संपलं होतं.