उणे आठ

अरल समुद्राकाठच्या,
म्हणजे एके काळी काठच्या, गावात
सहावीच्या वर्गात बाईंनी फळ्यावर लिहिलं:
सहा भागिले उणे पाऊण.

बाईंचं नाव बिबिजादा.
कोटाच्या बाहीवर खडू, आणि खिडकीच्या फटीतून आलेलं मीठ;
कुठलं कुठलं, ते झटकूनही कळत नाही.

"पाणी दर वर्षी पाऊण मीटर उतरतं,
म्हणून उणे.
धक्क्याच्या भिंतीवर काळी रेघ आहे ना,
ती आजच्या पाण्याहून सहा मीटर वर.
मग पाणी त्या रेघेशी कधी?"

माझ्या भाषेत पाऊण म्हणताना
पाव आधीच उणा झालेला असतो,
तूट शब्दाच्या पोटात.
तिकडे नुसतं चारातले तीन म्हणतात.
तूट खिडकीबाहेर,
वाळूत, झुडपांत, गंजलेल्या साखळदंडात.

सहाला हात लावायचा नाही.
भागिलेच्या जागी गुणिले.
अपूर्णांक उलटा.
उलटं करणं जोलमुर्झाला ठाऊक आहे:
काकाची होडी अंगणात पालथीच असते,
खाली कोंबड्या अंडी घालतात.
सहा चोक चोवीस, तीनानं भाग, आठ.
आठ त्यानं वळणदार काढला,
पुढचं उणे मात्र बोटानं पुसलं.

"वर्षं उणे कशी असतील, बाई?
उणे आठ मेंढ्या पाहिल्यात कुणी?"

वर्ग हसला. बाईंनाही हसू आलं होतं,
पण घंटेला अजून सात मिनिटं होती.

तेवढ्यात तोरेबाय कोळशाची बादली घेऊन आला.
शेगडीचं दार उघडलं, फळा वाचला
(आकडे त्याला येतात, अक्षरं नाहीत)
आणि म्हणाला, "आठ वर्षांमागं?
तेव्हा हा तीन वर्षांचा होता.
धक्क्यावरून पडला, त्या रेघेपाशीच,
मी केसाला धरून वर काढला.
नाकातोंडात पाणी, आणि मुठीत
एक मासा. एवढासा.
मासा सोडेना."

बादली रिकामी करून तो गेला.

कुणी काही बोललं नाही.
जोलमुर्झाचा हात केसांत गेला, तिथंच राहिला.
मग दुसऱ्या हातानं, डाव्या,
त्यानं आठच्या मागं रेघ ओढली:
आखूड, जराशी तिरकी,
भिंतीवरच्यासारखी.