दोन बोटं

शोरूमवाला म्हणाला, मॅडम, तुम्ही स्कूटी घ्या.
मी म्हटलं, अक्कलकोट रोडचे खड्डे
तुमच्या स्कूटीला विचारून पडतात का?
शंभर सीसीची जुनी घेतली, काळी.
टाकीवर कुणाच्या तरी लग्नाचं स्टिकर, अर्धं उरलेलं.

दस्तगीरभाईनं विजापूर वेशीत
मला आधी गाडीवर बसवलं, मग पाय बघितले.
"टाच टेकंना. दोन बोटं उतरवू."
सीटचा फोम भोपळा चिरावा तसा चिरला,
शॉकअप मात्र हात न लावता ठेवले.
"रोज साठ दुकानं फिरणार तुम्ही.
कमरेची वॉरंटी कंपनी देत न्हाई."

हँडल जरा वर.
आरसे मोठे, दोन्ही.
पिग्मीच्या मशीनला टाकीवर कप्पा, चेनचा.

सायलेन्सरवर त्याचा पोरगा अडून बसला,
ताई, आवाज पायजे, आवाज!
पाळण्यापासून मी मागांच्या खडखडाटात झोपले,
हे त्याला कुठं सांगत बसू.
गप्प गाडी दे, एवढंच म्हटलं.

एप्रिलात सीटचा तवा होतो.
म्हणून वर टॉवेल, इथलाच, सेकंड माल,
काठाला एक धागा चुकलेला.

नायनांना गाडी येत नाही. किकसुद्धा नाही.
पण सकाळी उकिडवे बसून
चेन बोटानं दाबून बघतात,
तीस वर्षं ताणा बघितला तशी,
आणि तेलुगूत तिच्याशीच काहीतरी बोलतात.
मी विचारत नाही.
अशोक चौकापर्यंत
दुसऱ्या गिअरमध्येच जाते.