निळा, वीस मिनिटं

सात बंगल्याच्या चौकात, केमिस्टच्या वर आमचं क्लिनिक.
लिफ्टच्या आरशाला मी एकदा वर्तमानपत्र चिकटवलं होतं,
वर येईपर्यंत पेशंटनं स्वतःला बघू नये म्हणून.
डॉक्टर म्हणाल्या, छान सुचलं.
मग म्हणाल्या, काढ ते, सोसायटी ओरडतेय.

मंगळवार-शुक्रवार साडेचारला ऊर्वी टपके येते.
वय एकोणीस. हनुवटीपासून कानापर्यंत पुळ्या.
फाइलमध्ये मी लिहिते: ग्रेड तीन.
कॉलेजातली पोरं म्हणतात,
जवळा वाळत घातलाय.

तिचे केस बँडखाली घेते. तोंड पुसते.
डोळ्यांवर छोटा काळा गॉगल, पोहणाऱ्यांचा असतो तसा,
आणि पॅनेल खाली आणते, चार बोटं अंतर ठेवून.
बटण. पंखा घुरघुरतो.
निळं.

तसं निळं आभाळात नसतं, शाईत नसतं.
मिठाईवाले माश्या मारायला जी नळी लावतात
तिच्या जवळपासचं म्हणता येईल,
पण पेशंटला तसं सांगत नाहीत.

पेशंटला सांगायचं ते असं:
जंतूच्या पोटात त्यानंच बनवलेलं एक द्रव्य असतं.
हा उजेड लागला की ते पेटतं
आणि जंतू आपल्याच भांडवलात बुडतो.
"म्हणजे आपण काही करत नाही," ऊर्वी म्हणाली पहिल्या दिवशी,
"नुसता दिवा लावतो."
हो. दर बैठकीचे अठराशे.

तिसऱ्या वेळी आई बरोबर आली,
वेसाव्याच्या बाजारातून थेट, ओटा बहिणीवर टाकून,
हात लिंबानं धुतलेले, तरी पदराआड.
दारातून डोकावली आणि थबकली.
"यो तोच लायट का? दर्यान लावतान तो?"

मला कळेना. मग तिनं सांगितलं.
रात्री मोठ्या बोटी येतात, पाण्यावर दिवे सोडतात,
बंदी आहे तरी.
मासळी उजेडाला भुलते, बारकी, मोठी, गाबोळीवाली,
सगळी वर येते,
आणि जाळं एकदाच ओढायचं.
तिचा नवरा मोर्चात बोर्ड धरून उभा होता: एलईडी हटवा.
तीन फेऱ्यांत त्याच्या डिझेलचे पैसे निघाले नाहीत.
पोरीच्या आठ बैठकांचे त्यानंच भरले,
जुनी डोल विकून.

"या लायटानं दर्या रिकामा केला,"
आई म्हणाली, मला नाही, पॅनेलला,
"आता हिचं तोंड तरी रिकामं कर."

गॉगलखाली ऊर्वी हसली.
हलू नकोस, मी म्हटलं. अजून अकरा मिनिटं.

आठ झाल्या. डॉक्टरांनी फोटो शेजारी शेजारी लावले.
पुळ्या निम्म्याहून कमी.
डाव्या गालावरचे खड्डे होते तिथंच,
खड्ड्यांना निळा चालत नाही,
त्यांचं मशीन वेगळं, दरही.
कपाळावर दोन नवीन.
आईनं फोटो बोटांनी मोठे करून पाहिले,
ताजी आहे का बघायला कल्ला उघडावा, तसे.
बोलली काही नाही.
जाताना माझ्या टेबलावर पिशवी ठेवली. ओले बोंबील.

रात्री आठला मी बंद करते.
माझ्याही गालांवर खड्डे आहेत.
माझ्या वेळी टूथपेस्ट होती, मुलतानी माती होती,
आणि लग्नानंतर जातं म्हणणाऱ्या बायका.
ते गेलं नाही. लग्न गेलं.

आज पॅनेल पुसताना बटण दाबलं गेलं.
दाबलं गेलं म्हणजे, दाबलं.
गॉगल न लावता, डोळे मिटून उभी राहिले.
पापण्यांच्या आतही येतं ते,
पाण्याखालून वर बघावं तसं.
किती वेळ, माहीत नाही. एसी बंद होता.
बोंबलांचा वास खोलीभर झाला
तेव्हा बस आठवली.