राहून राहिली

कलिन्याच्या बाजारात पहिल्याच आठवड्यात
मी मागितला दहा रुपयांचा सांबार.
भाजीवालीनं मला वरून खाली पाहिलं
आणि कोपऱ्यावरच्या उडप्याकडे बोट केलं.
तिच्या पुढ्यातच होती जुडी,
ओल्या गोणपाटावर, हिरवीगार.
मी हात लावून दाखवली.
"कोथिंबीर म्हण की मग."
म्हटलं.
साकोलीहून हजारेक किलोमीटर येऊन
लागलेला हा पहिला शोध.

प्रयोगशाळेत माझ्या वाट्याला शिवडीचा चिखल.
ओहोटी बघून उतरायचं,
डबे भरायचे, आणायचे, चाळायचे,
केसाएवढे किडे चिमट्यानं उचलून
स्पिरिटात मोजून ठेवायचे.
घरी सांगितलंय, समुद्रावर संशोधन करते.
बाबा विहिरींवरच्या मोटारी बांधतात.
त्यांनी एवढंच विचारलं, "खोल असते का तिथं?"
फार नाही, बाबा. गुडघाभर.

टिपणीस मॅडम चांगल्या आहेत.
"सँपल चाळून राहिली," म्हटलं
तर चष्म्यावरून बघत म्हणाल्या,
"चाळते आहे, म्हण. राहतेस ती हॉस्टेलात."
सगळे हसले. मीही हसले.
बघा, हसले.
घरी असते तर हसली असती.

आईचा फोन साडेआठला येतो.
गच्चीवरून विमानं इतकी खालून जातात
की पोटाखालचे दिवे मोजून होतात.
गडगडाट सुरू झाला की दोघी थांबतो,
तिकडे तिच्या कुकरची शिट्टी, इकडे हे.
मग ती अंदाजानं विचारते,
"गेलं का वं इमान?"
गेलं, आई.
पुढचं येईपर्यंत दोन मिनिटं.
त्यात मावेल तेवढंच बोलायचं:
जेवली का, भाजी कशाची होती,
फेलोशिप आली का.
आली, म्हणते.
चार महिने झाले, नाही आली.
"मोठी शुद्ध बोलून राहिली वं तू आताशा,"
ती म्हणते, आणि मी उत्तर देणार
तोच वरून दुसरं.
"गेलं का इमान?"
या वेळी मी जरा उशिरा बोलते.

खोलीत रुआती. चंफाईची.
आयझॉलपर्यंत पोचलं तरी
तिचं घर आणखी एक दिवस दूर.
तिच्या भाषेत म्हणे सूर चढला-उतरला
की शब्दच वेगळा होतो,
म्हणून तिनं माझी मराठी कानानं उचलली,
जशीच्या तशी, हेल्यासकट.
मी कधी दुरुस्त केली नाही.
कुठली करायची होती, तेच कळेना.

फेब्रुवारीत मला ताप आला.
तीन दिवस चिखल नाही, डबे नाहीत,
भिंतीवर भरती-ओहोटीचं कोष्टक
आपलं आपण पुढे सरकत होतं.
चौथ्या दिवशी रुआती पिशवी घेऊन आली,
इलेक्ट्रिक शेगडीवर मऊ भात टाकला,
वरून काहीतरी हिरवं चुरलं,
आणि म्हणाली, "सांबार पण आणला."
काय म्हणून मागितला?
"सांबार म्हणून.
बाई बोलली, तुझ्या त्या मैत्रिणीचा का?
आणि दिला."

मला रडू आलं. तापात येतं.
ती गडबडली, ताट बाजूला ठेवलं,
"काय झालं? काऊन रडून राहिली?"

बरी झाल्यावर एका रात्री,
दिवा घालवल्यावर, तिनं विचारलं,
"मी इथे राहते, आणि मी इथे राहून राहिली,
यात फरक काय?"
माझ्या पाठीखालची लोखंडी खाट कुरकुरली.
काही फरक नाही, म्हटलं, झोप.
तिला झोप लागली.
एक विमान गेलं, मग आणखी एक.
मी बराच वेळ
विचार करून राहिली.