खपला काय?

शंभर डॉलर झाल्याशिवाय पैसे निघत नाहीत.
माझे झालेत एकसष्ट आणि काही सेंट,
तीन वर्षांत.

त्यातले बहुतेक एका लिंबाचे.
थर्माकोलच्या पांढऱ्या तुकड्यावर अर्धं कापलेलं,
ओट्यावर, ट्यूब बंद करून.
सुलभा म्हणाली, झालं असेल तर वरणात पिळू?
ते जगभर गेलं. कुठे, ते कळवत नाहीत.

वरळी कोळीवाड्यातली धुरपदाबाई मात्र परत आली.
वलांडीवरचे बोंबील, मागे सी-लिंकच्या तारा,
आणि तिचा हात, खाऱ्या वाऱ्यानं सोललेला.
संमतीपत्र पुढे केलं तेव्हा
तिनं कागद उलटा करून पाहिला:
"घर तर नाय ना लिवून घेत, बिल्डरवानी?"
मग अंगठा.

कारण आलं एका ओळीत: दाणे दिसतात.
दुसऱ्यांदा: पूल कुणाच्या मालकीचा?
तिसऱ्यांदा: असे फोटो आमच्याकडे पुष्कळ आहेत.

असे?

प्रत्येक फोटोला शब्द जोडावे लागतात, पन्नासपर्यंत.
मी लिहिले: मासे, बाई, किनारा, गरिबी.
गरिबी मीच लिहिलं, खपावं म्हणून.
तिच्या गळ्यात तेव्हा सहा तोळे होते.

रविवारी सुकी मासळी घ्यायला गेलो
की गल्लीच्या टोकावरून हाक येते,
"माजा फोटू खपला काय रं?"
मी मान हलवतो.
ती पिशवीत दोन बोंबील वर टाकते.
"नाय खपला तर उलटा घाल," म्हणते,
"दुसऱ्या अंगानं सुकंल."