कावनईखालचं चित्र

खुरासणी पिवळी झालेली. गडाच्या पायथ्याशी
मी कॅनव्हास मांडून बसलो.
समोर आठ डांगी गुरं,
त्यांच्यासाठी माझ्याकडे दोनच ट्यूब: काळी, पांढरी.

ठकूबाई मेंगाळ काठीवर हनुवटी टेकून
मागून बघत राहिली.
ही बहाळी, म्हणाली, ती पारी,
आन् वासरू मणेरं. तू समदी येकच केलीस.
मी पुसलं, पुन्हा लावलं.
मणेरं काही जमेना.

मग तिनं माझ्या मोकळ्या आभाळाकडे बोट केलं.
"हितला टावर कुठं गेला?"
गाळला, म्हटलं. चित्रात बरा दिसत नाही.
"दुपारची गुरं त्याच्याच बुडाशी बसत्यात.
मंग ही कशापाशी बसलीत?"

खरंच, पाच गायी
कशाचीच नसलेल्या एका सावलीत
रवंथ करत होत्या.

उन्हं वैतरण्याकडे कलली तेव्हा
टॉवर उभा केला, काळ्यात पांढरं मिसळत:
चार पाय, पसरलेली शिंगं,
अंगभर जाळीजाळीचं ऊन.
तोच जरा मणेरा झाला.

ठकूबाईनं एकेकावर बोट ठेवत मोजलं,
ओला रंग लागला तरी थांबली नाही.
"नऊ," म्हणाली,
बोट लुगड्याला पुसलं
आणि आठ घेऊन घरी गेली.