खुर्च्या किती मांडू

ऑक्टोबरातला गुरुवार, संध्याकाळचे साडेसहा.
विद्यापीठाच्या राखीव रानात, पत्र्याच्या शेडमध्ये
मी चाळीस खुर्च्या मांडतो.
येतात अकरा. फार तर चौदा.
बुरशीवरच्या व्याख्यानाला तर तिघंच होते,
त्यातला एक चुकून आलेला, त्याला हवा होता विणकामाचा वर्ग.
पण शेवटपर्यंत बसला,
आणि जाताना मूठभर माती
रुमालात बांधून घेऊन गेला.

तरी मांडायच्या चाळीसच.
कमी मांडल्या तर डॉक्टर ऑसगार्डना वाटेल
मी त्यांच्या आधीच हरलोय.

दुसऱ्या रांगेतली भिंतीकडची आर्लिस ट्वेटची.
एकतीस वर्षं शाळेची बस चालवली तिनं
या विस्कॉन्सिनच्या आडरस्त्यांवर,
आणि वाटेत मेलेलं दिसलेलं एकेक जनावर
हिशेबाच्या वहीत लिहून ठेवलं:
तारीख, वळण, बसमधलं कुठलं पोर रडलं.

लेरॉय स्कीबा बसत नाही.
दाराशी उभा, टोपी हातात.
एप्रिलात विद्यापीठानं माळ पेटवला,
गवतासाठीच, जुनं जळून नवं यावं म्हणून,
आणि वारा फिरला.
धूर त्याच्या गोठ्यात.
सत्तर गायींनी दोन दिवस पान्हा चोरला.
तेव्हापासून तो एकही व्याख्यान चुकवत नाही.
बेडूक असो, शेवाळ असो,
प्रश्नोत्तरांची वाट बघत उभा असतो.

आज पडद्यावर एक रेघ.
डावीकडे उंच, उजवीकडे
बागेतल्या घसरगुंडीसारखी.
डॉक्टर तिच्याकडे पाठ करून बोलत होत्या,
घरातल्या आजारी माणसाबद्दल
दुसऱ्या खोलीत बोलतात तशा.

तेवढ्यात टाऊ लोर जाळ्याकडून आला.
हातात कापडी पिशवी,
आणि पिशवी आतून ढुशा देतेय.

मुठीएवढं घुबड.
त्याला संत्र्याच्या रसाच्या रिकाम्या डब्यात
डोक्याकडून घातलं, तराजूवर उभं केलं,
दोन पाय वर, गप्प.
अठ्ठ्याण्णव ग्रॅम. म्हणजे मादी.
पायात वाळा घालावा तसं
नंबराचं कडं घातलं टाऊनं.

मग मी दिवे मालवले.
जांभळ्या दिव्याखाली पंख उघडला
आणि आतून गुलाबी पेटला.
नवी पिसं भडक, जुनी फिकी;
वय असं वाचायचं, डॉक्टर म्हणाल्या.
“आम्हालाही धरा की त्याखाली,” आर्लिस म्हणाली,
“कळू दे कुठलं पीस कधीचं.”
हसले सगळे.
दाराशीही कुणीतरी हसलं.

सोडायचं ते अंधारात,
आणि त्याला बसायला एक हात लागतो.
दाराच्या सगळ्यात जवळ लेरॉय.
टाऊनं विचारलंसुद्धा नाही,
त्याच्या बाहीवर ठेवलं.

उडालं नाही.
डोळ्यांना अंधार सरावायला वेळ लागतो म्हणे.
आम्ही अकरा माणसं थंडीत,
आणि डॉक्टर, आणि टाऊ, आणि मी,
कुणी खोकललं नाही.
घुबड मान फिरवून एकेकाला बघत होतं,
हजेरी घेतल्यासारखं.

लेरॉय कुजबुजला, ओठ न हलवता:
“पुढच्या खेपेला पेटवाल
तर आदल्या दिवशी मला फोन करा.
इथला वारा दुपारी तीनला फिरतो.
माझ्या बापाला माहीत होतं ते.”

डॉक्टरांनी खिशातून पेन काढलं.
कागद नव्हता, तळहातावर लिहिलं:
तीन.

घुबड गेलं ते ऐकू आलंच नाही.

नंतर मी खुर्च्या मिटल्या.
एकोणतीस गार तशाच,
दहांवर पाठींची थोडी ऊब,
आणि एक, जिच्यावर कुणी बसलं नव्हतं
पण पाठीवर त्याची टोपी विसरली होती.
ती द्यायला बाहेर धावलो.
लेरॉय ट्रकपाशी होता.
उजवा हात अजून तसाच पुढे धरलेला,
आणि डाव्या हातानं, अवघडून,
उजव्या खिशातली किल्ली शोधत होता.